घरच्या मांजराचं चित्र कापसाच्या बाहुलीसारखं का होतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: घरात दोन मांजरी आहेत, एक काळी आणि एक तिरंगी. पेन्सिल आणि जलरंगात त्यांची चित्रं काढायला घेतली. फोटो समोर ठेवून लव न् लव काढली, तरी चित्रातलं मांजर कापूस भरलेल्या बाहुलीसारखं दिसतं. प्रत्यक्ष बघून काढायला बसलं की मांजर उठून जातं. चुकतंय कुठे, आणि साहित्य कोणतं वापरावं?

लव ही चित्रात सगळ्यात शेवटी येणारी गोष्ट. फोटोत मात्र सगळ्यात आधी तीच दिसते, आणि घोळ तिथूनच सुरू होतो. मांजराची कातडी अंगाला घट्ट बसलेली नसते. मानेवर, पोटाखाली, मांडीपाशी ती ढगळ सदऱ्यासारखी असते आणि आतली हाडं हलली की त्यांच्यावरून सरकते. फोटोत ही सरकण्याची क्रिया गोठून जाते. मग आपण सदरा धाग्यादोऱ्यासकट काढतो आणि सदऱ्याच्या आत जे आहे ते काढायचं राहतं.

पाळलेल्या मांजराच्या मालकाकडे एक गोष्ट असते जी बाहेरच्या कुठल्याही चित्रकाराकडे नसते: हात. मांडीवर बसलेल्या मांजराच्या अंगावरून रोज फिरणाऱ्या हाताला कुठे हाड आहे, कुठे पोकळी आहे, वजन कुठे टेकलंय हे आधीच ठाऊक असतं. ते ज्ञान कागदावर आणायचं आहे. म्हणून पहिला आठवडा पेन्सिल हातात घेण्याआधी पाच मिनिटं बोटांनी मांजर वाचा. डोक्यापासून सुरू करून मान, दोन फऱ्यांची (खांद्याच्या चपट्या हाडांची) टोकं, कणा, कमरेचं रुंद हाड, शेपटीचं मूळ अशा क्रमाने जा. मांजराला हे लाड वाटतात; तुमचा अभ्यास होतो.

खांद्याचा फरा विशेष लक्ष देऊन चाचपा. माणसाचा खांदा कॉलरबोनने छातीला जोडलेला असतो. मांजरात ते हाड अगदी लहान, स्नायूंमध्ये तरंगतं राहिलेलं असतं. त्यामुळे दोन्ही फरे बरगड्यांच्या बाजूंना फक्त स्नायूंच्या आधाराने लटकतात आणि मोकळेपणी वरखाली होतात. मांजर दबा धरून पुढे सरकतं तेव्हा छाती दोन फऱ्यांमधून खाली उतरते आणि फऱ्यांची टोकं कण्यापेक्षा वर येतात. हे दोन उंचवटे विसरून पाठ एका सरळ रेषेत काढली की दबा धरलेल्या मांजराचं स्टूल होतं.

कण्याचंही तसंच. माणसाच्या छातीत 12 आणि कमरेत 5 मणके असतात. मांजराच्या छातीत 13 आणि कमरेत 7. वळण प्रामुख्याने या लांब कमरेत पडतं. मुटकुळं करून झोपलेल्या मांजराची पाठ म्हणजे कंपासने मारलेलं वर्तुळ नव्हे. फऱ्यांपासून बरगड्या संपेपर्यंत ती थोडी चपटी असते, कमरेत एकदम वळते आणि कमरेच्या हाडापाशी पुन्हा एक कोपरा दिसतो. तो कोपरा सापडला की झोपलेलं मांजर उशी दिसायचं थांबतं.

मागच्या पायाची चूक तर जवळजवळ सगळेच करतात. मांजर बोटांवर चालतं. पायाच्या मधोमध मागे आलेला जो कोपरा दिसतो तो उलटा गुडघा नाही, ती टाच आहे. खरा गुडघा वर, पोटाजवळ, लवीत लपलेला असतो. मांजर बसतं तेव्हा टाच जमिनीला टेकते, म्हणजे मागचं पाऊल लांब आणि आडवं जमिनीवर पडलेलं असतं. आपण मात्र बहुतेक वेळा पोटाखाली दोन गोल लाडू काढून मोकळे होतो. पुढचे पाय काढतानाही काळजी हवी. बसलेल्या मांजरात ते पोटापासून सुरू होत नाहीत. खांद्यापासून खाली येतात आणि कोपर छातीच्या खालच्या कडेपाशी असतं. पुढच्या पायाला पाच बोटं असतात, त्यातलं आतलं एक वर राहतं आणि जमिनीला चारच टेकतात. मागच्या पायाला चारच. नखं आत ओढलेली असतात, म्हणून निवांत बसलेल्या मांजराला नखं काढू नका. ती दिसली की मांजर सावध झालेलं वाटतं.

आता प्रत्यक्ष बघून काढण्याबद्दल. मांजर उठून जातं याचं एक कारण आपली नजर आहे. टक लावून बघणं मांजराला आव्हान वाटतं. समोर बसून डोळ्यांत बघण्याऐवजी थोडं बाजूला, जमिनीवर बसा, तिरक्या नजरेने बघा, मधूनमधून सावकाश डोळे मिटा. रोज एकाच जागी, तिचं खाणं झाल्यावर अर्ध्या तासाने बसलात तर आठवडाभरात ती तुम्हाला घरातल्या सामानात धरते. तिला उचलून हव्या त्या जागी ठेवायचा प्रयत्न कधीच करू नका. ती तिथे थांबत नाही, आणि थांबली तरी अंग आखडून थांबते. तो ताण चित्रात उतरतो.

मांजर दिवसाचे 12 ते 16 तास झोपतं, म्हणून सुरुवात झोपेपासून करा. स्वस्त न्यूजप्रिंट किंवा साधा कार्ट्रिज कागद, ए थ्री आकाराचा, आणि 4बी किंवा 6बी पेन्सिल एवढं पुरतं. खोडरबर खोलीबाहेर ठेवा. एका कागदावर आठ-दहा मांजरं एकदम सुरू ठेवायची. ती हलली की चालू चित्र तसंच सोडायचं आणि शेजारी नवीन सुरू करायचं. मांजराच्या आवडत्या बैठका मोजक्याच असतात आणि ती त्याच फिरून फिरून घेते. पंधरा मिनिटांनी ती पुन्हा पहिल्या मुद्रेत आली की पहिल्या चित्राकडे परत जायचं. लिओनार्दो द विंची याचा मांजरांचा एक प्रसिद्ध कागद इंग्लंडमधल्या विंडसरच्या राजसंग्रहात आहे. त्यावर झोपलेली, चाटणारी, भांडणारी, पाठ वाकवलेली मांजरं दाटीने काढली आहेत आणि मध्येच एक छोटासा ड्रॅगनही घुसला आहे. कागदभर अर्धवट मांजरं ही हार समजू नका, अभ्यास असाच दिसतो.

प्रत्येक रेखाटनाला तीस सेकंद ते दोन मिनिटं द्या. पहिली रेषा डोक्याच्या मागून शेपटीच्या टोकापर्यंत, एका दमात. दुसरी रेषा अंग जमिनीला जिथे टेकतं तिथली. वजन या रेषेत असतं आणि ती बहुधा सरळ किंवा चपटी असते, गोल नसते. तिसरी रेषा दोन कानांच्या मुळांना जोडणारी, कारण डोक्याचा कल तिच्यावरून कळतो. एवढ्या तीन रेषांत तुमची मांजर ओळखू आली पाहिजे. आली नाही तर पुढे तपशील भरू नका, पुढच्या रेखाटनाकडे जा. अशी पन्नास-साठ रेखाटनं झाल्यावरच रंगाचा विचार करा. हे प्रमाण जास्त वाटेल, पण रोज दहा मिनिटं बसलात तर दोन आठवड्यांचं काम आहे.

वजन आणि पाठ कशी पकडावी हे बघायचं असेल तर तेओफिल स्टाइनलेन याची चित्रं समोर ठेवा. 1859 साली स्वित्झर्लंडमधल्या लोझानला जन्मलेला हा चित्रकार पॅरिसच्या मोंमार्त्र भागात राहायला आला आणि घरादाराभोवतालची मांजरं आयुष्यभर काढत राहिला. 1894 साली त्याने दुधाच्या जाहिरातीसाठी केलेल्या पोस्टरमध्ये त्याची लहान मुलगी कोलेत लाल झग्यात वाडग्यातून दूध पितेय आणि पायाशी तीन मांजरं वर बघतायत. त्या तिघांच्या माना बघा: तिघांनाही तेच हवं आहे, पण प्रत्येकाची मागण्याची पद्धत निराळी आहे. लव जवळजवळ नाहीच. बाह्यरेषा आणि सपाट रंग यांवर सगळं उभं आहे. दोन वर्षांनंतरचं त्याचं काळ्या मांजराचं कॅबरे-पोस्टर जास्त प्रसिद्ध आहे, पण शिकायला मला दुधाचं पोस्टर जास्त उपयोगी वाटतं.

डोकं काढताना एक चेंडू घ्या आणि त्याला पुढे एक छोटी डबी चिकटवा. ती डबी म्हणजे नाक-तोंडाचा भाग. कान शिंगांसारखे माथ्यावर उभे करू नका. त्यांचं मूळ रुंद असतं आणि ते कवटीच्या बाजूवर उतरतं. कानाच्या बाहेरच्या कडेला खालच्या बाजूस कातडीची एक छोटी दुहेरी घडी असते. ती काढली की कान कागदी त्रिकोण राहत नाही. डोळ्याचा आतला कोपरा नाकाकडे खाली उतरतो, बाहेरचा वर जातो. पिल्लात डोळे चेहऱ्याच्या खालच्या अर्ध्यात आणि कान डोक्याच्या मानाने मोठे असतात. मोठ्या मांजरीचं चित्र पिल्लासारखं गोंडस होतंय अशी तक्रार असेल तर बहुतेक डोळे खाली सरकलेले असतात. नसबंदी न झालेल्या बोक्याचे गाल रुंद आणि भरदार होतात, तेवढ्यानेही ओळख बदलते.

डोळ्यावर जास्त वेळ घालवावा असं मी नेहमी सांगतो, कारण तिथे रंगापेक्षा रचना चुकते. डोळ्याचा पुढचा भाग पारदर्शक घुमट आहे आणि रंगीत बुबुळ त्याच्या मागे, आत बसवलेलं आहे. बाजूने बघितलं तर घुमट रिकाम्या काचेसारखा दिसतो आणि रंग आत खोल दिसतो. या काचेमुळे उजेड ज्या बाजूने येतो त्याच्या विरुद्ध बाजूला बुबुळ उजळतं, काचेच्या गोटीत होतं तसं. म्हणून क्रम असा ठेवा. आधी संपूर्ण बुबुळावर फिकट लेमन यलो किंवा पिवळट हिरवा हात द्या. तो वाळला की वरच्या पापणीची सावली म्हणून वरच्या तिसऱ्या भागावर थोडा गडद हिरवट-तपकिरी द्या. मग उजेडाच्या बाजूला किंचित गडद करा आणि विरुद्ध बाजू तशीच उजळ सोडा. त्यानंतर बाहुली (बुबुळाच्या मधला काळा भाग), आणि सगळ्यात शेवटी खिडकीचा पांढरा ठिपका. हा ठिपका बाहुली आणि बुबुळ यांच्या सीमेवर पडला तर डोळा ओला वाटतो. बाहुलीच्या बरोबर मधोमध ठेवला की डोळा बटणाचा होतो. आणखी एक पथ्य: बाहुली प्रकाशाप्रमाणे बदलते. दुपारच्या उन्हात ती उभी बारीक फट असते, संध्याकाळी जवळजवळ गोल. चेहरा एका फोटोतून आणि अंग दुसऱ्यातून घेतलं की उन्हात बसलेल्या मांजराला रात्रीचे डोळे लागतात. बघणाऱ्याला काय बिघडलंय ते सांगता येत नाही, पण चित्र खटकतं.

रंगासाठी 300 जीएसएमचा (जाड) कोल्ड प्रेस्ड, म्हणजे किंचित खरखरीत, कागद घ्या. पातळ कागद पाण्याने फुगतो आणि रंग खळग्यांत साचतो. ब्रश तीन: गोल 8 नंबर, गोल 3 नंबर आणि मिशांसाठी लांब केसांचा रिगर. रंगांत अल्ट्रामरीन (निळा), बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), यलो ऑकर (मातकट पिवळा), लाइट रेड, लेमन यलो आणि थोडा व्हाइट गुआश (अपारदर्शक पांढरा जलरंग). ट्यूबमधला काळा तुमच्या काळ्या मांजरीसाठी वापरू नका. तो एकदा लागला की आकार बुजतो आणि कागदाला भोक पडल्यासारखं दिसतं. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना दाट कालवले की जवळजवळ काळा मिळतो, आणि तो हवा तसा थंड किंवा ऊबदार करता येतो. काळ्या मांजरीच्या पाठीवर खिडकीचा उजेड पडतो तिथे लव निळसर दिसते आणि थेट उन्हात कडेला तपकिरी लाली येते. हे दोन भाग आधी फिकट निळसर आणि फिकट तांबूस रंगाच्या पातळ थराने (वॉशने) धुऊन घ्या, वाळू द्या, मगच गडद रंग त्यांच्याभोवती आणा. काळं मांजर उजेडाच्या आकारांनी काढायचं असतं. अंगाचा तीन चतुर्थांश भाग एकाच गडद धुण्यात मिसळून गेला तरी चालतं. कानाची कड, फऱ्याचा उंचवटा, मांडीची गोलाई आणि डोळे एवढं सापडलं की पुरे.

तिरंगी मांजरीत अडचण उलटी आहे. ठिपके इतके बोलके असतात की हात तेच भरत सुटतो आणि खालचा घाट हरवतो. (नारिंगी रंगाचं जनुक एक्स गुणसूत्रावर असल्याने तिरंगी मांजर जवळजवळ नेहमी मादीच असते.) आधी मांजर एकरंगी आहे असं समजून फक्त छाया काढा: अल्ट्रामरीनमध्ये चिमूटभर बर्न्ट सिएना घालून पातळ करड्या रंगात, सगळ्या अंगावर. ते पूर्ण वाळल्यावर वरून नारिंगी आणि काळ्याचे पट्टे पारदर्शक चढवा. नारिंगीसाठी यलो ऑकर आणि लाइट रेड, सावलीत बर्न्ट सिएना. पांढरा भाग सावलीत पांढरा राहत नाही, उन्हातल्या पांढऱ्यापेक्षा पुष्कळ गडद होतो. तिथे कागद कोरा सोडण्याचा मोह आवरा. नारिंगी भागात जवळून बघितलं तर पट्टे असतातच. ते अंगाभोवती वळतात, म्हणून पट्ट्याची वळणं म्हणजे गोलाई दाखवणाऱ्या आयत्या रेषा. सरळ पट्टे मारले की अंग चपटं होतं.

आता लव. तिच्यासाठी वेगळा कागद घेऊन फक्त बाणांचा नकाशा करा: नाकापासून वर कपाळाकडे, माथ्यावरून मागे, पाठीवरून शेपटीकडे, खांद्यावरून खाली, छातीवर भोवरा. चित्रात लव तीनच ठिकाणी दाखवा. एक, उजेड संपून सावली सुरू होते त्या सीमेवर. दोन, अंगाचा एक भाग दुसऱ्यावर येतो तिथे, म्हणजे हनुवटी छातीवर, शेपूट पायावर. तीन, कातडीला घडी पडून केस फाकतात तिथे, म्हणजे मानेच्या बाजूला आणि कोपराशी. बाकी सगळीकडे सपाट धुणं ठेवा; डोळा उरलेली लव आपोआप भरतो. मऊ कडा हवी असेल तर कागद आधी ओला करून थांबा. पृष्ठभागाची चकाकी उतरून नुसता ओलसरपणा राहिला की दाट रंग टेकवा. चकाकी असताना टेकवलात तर रंग वाहत सुटतो. अर्धवट वाळलेल्या रंगात पातळ पाणी पडलं तर ते रंगकण बाहेर ढकलतं आणि फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी दातेरी कड उमटते. तसं झालं तर लगेच खरडू नका; पूर्ण वाळू द्या आणि ओल्या ब्रशने हलकेच उचला.

कमी काढण्याचं धाडस शिकायचं असेल तर ग्वेन जॉन हिची रेखाटनं बघावीत. पॅरिसमध्ये राहणाऱ्या या ब्रिटिश चित्रकर्तीची एक कबरी मांजर होती. ग्वेन राहत होती त्या रस्त्याच्या नावावरून तिने मांजरीचं नाव एदगार किने ठेवलं होतं. पेन्सिल आणि जलरंगाच्या दोन-तीन हातांत ती मांजर पूर्ण उभी राहते, कारण जिथे काही सांगायचं नाही तिथे तिने कागद मोकळा सोडला आहे. 1908 साली ही मांजर हरवली. रेखाटनं मात्र राहिली. रेषेची नजाकत पाहायची तर जपानी चित्रकार फुजिता. दुधाळ पांढऱ्या पार्श्वभूमीवर जपानी बारीक ब्रशने, शाईच्या केसाएवढ्या रेषेने तो मांजर काढत असे. 1940 साली त्याने रंगवलेली एकमेकांवर तुटून पडलेली चौदा मांजरं टोकियोच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात आहेत. आपल्याकडची कालीघाटची पटचित्रं याच्या अगदी दुसऱ्या टोकाला: एकोणिसाव्या शतकातल्या कोलकात्यातल्या पटुआंनी (पट रंगवणाऱ्या चित्रकारांनी) तोंडात कोळंबी धरलेलं, कपाळावर टिळा लावलेलं ढोंगी मांजर काढलं. रुंद ब्रशची एक बाजू गडद, दुसरी फिकट भरून एका फटकाऱ्यात गोलाई आणण्याची त्यांची रीत जलरंगात जशीच्या तशी वापरता येते. शेपटीवर करून बघा.

मिशा अगदी शेवटी. प्रत्येक गालावर साधारण बारा मिशा, चार ओळींत असतात. भुवयांवरही काही असतात. मुळाकडून टोकाकडे, मनगट न टेकता, एका झटक्यात ओढा, म्हणजे मुळाशी जाड आणि टोकाला बारीक होते. सगळ्या बारा काढू नका. पाच-सहा नीट आल्या तर भरपूर झालं. गडद पार्श्वभूमीवर व्हाइट गुआश दुधाच्या सायीइतका दाट ठेवा. पातळ झाला तर वाळल्यावर दिसेनासा होतो. मास्किंग फ्लुइड (कागदाचा भाग कोरा राहावा म्हणून आधी लावायचं रबरी द्रव) वापरायचं असेल तर ब्रश आधी साबणात बुडवा, नाहीतर रबर केसांत धरून ब्रश वाया जातो. आणि ड्रायरने वाळवू नका, उष्णतेने ते कागदाला चिकटून बसतं आणि काढताना कागद सोलतो.

फोटो घेणारच असाल तर फ्लॅश बंद, खिडकीचा बाजूने येणारा उजेड, आणि कॅमेरा मांजराच्या डोळ्यांच्या पातळीवर. फोन अगदी जवळ नेला की नाक मोठं आणि अंग लहान होतं. दीड-दोन मीटर मागे या आणि झूम करा. फोटो तपशिलासाठी वापरा; मुद्रा तुमच्या रेखाटनातूनच घ्या.

शेवटी तिच्या जिवाची काळजी, कारण मांजर अंगाला लागलेलं सगळं चाटून पोटात घेतं. रंगाच्या पाण्याचं भांडं झाकणाचं ठेवा. कॅडमियम किंवा कोबाल्टचे रंग वापरत असाल तर ते त्या पाण्यात उतरतात आणि मांजरांना तेच पाणी प्यायची हौस असते. तैलरंगात जाल तर टर्पेंटाइन आणि रंग उशिरा वाळावा म्हणून घालतात ते लवंगतेल, दोन्ही तिच्यासाठी विषारी आहेत. तिचा वावर असलेल्या खोलीत ती उघडी ठेवूच नका. खडू आणि पेस्टलची धूळ फुंकू नका, ओल्या फडक्याने पुसा. फिक्सेटिव्ह (खडू-पेन्सिल पुसू नये म्हणून मारायचा फवारा) बाहेर गॅलरीत मारा आणि वास गेल्यावरच कागद आत आणा. पार्श्वभूमीला फुलदाणी हवी असेल तर लिली कधीही आणू नका: पाकळी, पान, पराग, अगदी फुलदाणीतलं पाणीसुद्धा मांजराची किडनी निकामी करतं. जलरंग लवीला लागला तर कोमट पाणी आणि सौम्य साबणाने तिने चाटायच्या आत धुवा. तैलरंग लागला तर रॉकेल किंवा टर्पेंटाइनने पुसू नका. तेवढे केस कात्रीने कापा, आणि रंग कातडीपर्यंत गेला असेल किंवा तिने चाटला असेल तर ट्यूब सोबत घेऊन त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्या.